खाऱ्या पाण्याच्या काठची देवळे

आमच्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही खाऱ्या पाण्याचा एक काठ आमच्या वाट्याला आला आहे आणि त्या काठावर देवळांचे एक गाव आहे. गावाचे नाव लोणार. मेहकरहून लाल गाडीत बसले, की पाऊण तासात माणूस तिथे पोहोचतो. लोणारचे सरोवर शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना ठाऊक असते. पण सरोवर पाहायला आलेली बहुतेक मंडळी कड्यावर उभी राहून फोटो काढतात, उसाचा रस पितात आणि अर्ध्या तासात गाडीला चावी लावतात. लोणार न पाहताच ती परत जातात, असे मला वाटते. म्हणून आज लोणार कसे पाहावे, एवढेच सांगायचे ठरवले आहे.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही आणि मूर्तिशास्त्राचा अभ्यासकही नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. मागे एका थंडीत कॉलेजच्या मुलांना घेऊन लोणारला गेलो होतो. दैत्यसूदनाच्या मंडपात उभा राहून मी छतावरची नरकासुराची कथा सांगत होतो. एका मुलीने अगदी सहज विचारले, "सर, तुम्हांला हे सगळं कसं काय माहीत?" तिच्या मनात काही नव्हते. माझे नाव तिला ठाऊक होते आणि त्या नावाचा माणूस विष्णूच्या देवळात अवतारांची ओळख करून देतो, याचे तिला नवल वाटले, इतकेच. हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांपासून विचारला जातो. त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर आज देतो.

माझी दादी मनियारीण होती. बांगड्यांची टोपली घेऊन ती गावोगाव फिरायची. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला बाया सरोवरात उतरतात. त्या दिवसांत दादी पहाटेच निघायची. बांगड्यांच्या जोड्या जुन्या कापडात गुंडाळून टोपलीत रचायची आणि डोक्यावर टोपली घेऊन तो सारा उतार उतरायची. सहा-सात वर्षांचा मी तिच्या पदराला धरून मागे. देवीच्या देवळापासून थोड्या अंतरावर झाडाखाली ती बसे. बाया यायच्या, हात पुढे करायच्या. दादी त्यांचा हात दाबून मऊ करी आणि एकेक बांगडी चढवी. बांगड्या भरून झाल्या, की बाई वाकून दादीला नमस्कार करी. ही आपल्याकडची रीत. दादी पुटपुटायची, "सुखी रह, बेटी." मग त्या बाया दमलेल्या पायांनी तिथेच टेकायच्या आणि लवणासुराची, सीतामाईच्या न्हाणीची, देवीची कथा सांगायच्या. मी ऐकत बसायचो. लोणारचे पुराण मला तिथे मिळाले. पुस्तके पुढे आली.

आता लोणार पाहू. सुरुवात गावातून करावी, सरोवरापासून नव्हे. कारण गावात दैत्यसूदनाचे मंदिर आहे आणि सरोवराची कथा त्या मंदिरात आहे.

कथा अशी. या भूमीत लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहत होता. वर झाकण घालून तो आत दडायचा आणि बाहेर पडून लोकांना छळायचा. देवांनी विष्णूला साकडे घातले. विष्णू सुंदर तरुणाचे रूप घेऊन आला. लवणासुराच्या बहिणींना त्याने मोहात पाडले आणि त्यांच्याकडून भावाचा ठावठिकाणा काढून घेतला. मग पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण दूर उडवले आणि दैत्याला मारले. ते विवर म्हणजे हे सरोवर, त्यातले पाणी म्हणजे दैत्याचे रक्त आणि खार म्हणजे त्याचे मांस. दैत्याला मारणारा तो दैत्यसूदन. लवण म्हणजे मीठ. लोणार या नावातही तेच मीठ आहे.

मंदिर चालुक्य-यादवांच्या काळातल्या शिल्पकलेचा उत्तम नमुना आहे. त्याचा तळ चांदणीसारखा कोनाकोनांचा आहे. त्यामुळे बाहेरून प्रदक्षिणा घालताना भिंत दर दोन पावलांवर वळते आणि प्रत्येक वळणावर उन्हाचा तुकडा बदलतो. शिल्पे सकाळी वेगळी आणि संध्याकाळी वेगळी दिसतात ती यामुळे. आत गाभाऱ्यात लवणासुराला पायाखाली घेऊन उभा असलेला विष्णू आहे. मंडपाचे छत मात्र चुकवू नका. तिथे कृष्णकथेतले प्रसंग आणि नरकासुराचा वध कोरलेला आहे. आत अंधार असतो, म्हणून टॉर्च जवळ ठेवावा आणि मान दुखेपर्यंत वर पाहावे. दुखलेल्या मानेचे सार्थक होते.

अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हा यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. चुना न वापरता दगडात खाचा पाडून, दगडात दगड अडकवून बांधण्याची ही रीत त्याच्या आधीपासून चालत आलेली होती. पण लोकांनी आधीची आणि नंतरची सगळी देवळे त्याच्याच नावावर जमा केली. एखादा माणूस लोकांच्या मनात बसला, की असे होते. आमच्या मेहकरला कवी ना. घ. देशपांडे होऊन गेले. इकडे कोणतीही जुनी गोड ओळ कानावर आली, की लोक म्हणतात, नानांचीच असणार!

मंदिरातून निघून कड्यावर यावे. आता खाली बघा. भोवती गोल डोंगर वाटतो, पण तो डोंगर नाही. खळग्याची ती उचललेली कड आहे. खळग्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आत-बाहेर आणि तळाच्या पाण्याचा व्यास साधारण सव्वा किलोमीटर. कड भोवतालच्या शेतांपेक्षा सुमारे वीस मीटर उंच आहे. ही कड खळगा कसा झाला याची खूण सांगते. जमीन नुसती खचली असती, तर कड वर आली नसती. इथे कडेवरचे दगडाचे थर वर उचललेले, काही जागी चक्क उलटे पडलेले दिसतात. आतून जबरदस्त धक्का बसून जमीन बाहेर फेकली गेली, असाच त्याचा अर्थ होतो.

हा धक्का कशाचा, यावर शंभर-दीडशे वर्षे वाद चालला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर अनेकांना हे ज्वालामुखीचे तोंड वाटले. तसे वाटणे साहजिक होते, कारण आपला सगळा दख्खनचा काळा दगड लाव्हारसाचाच आहे. पण तो लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली आणि लोणारचा खळगा त्या मानाने कालपरवाचा आहे. मग १९६०-७० च्या दशकांत सरोवराच्या तळाला भोके पाडली. साचलेल्या गाळाच्या खालचा दगड वर काढून तपासला, तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. दगडातले स्फटिक न वितळताच, केवळ धक्क्याच्या प्रचंड दाबाने काच होतात, तेव्हा ती तयार होते. ज्वालामुखीत एवढा दाब होत नाही. आकाशातून प्रचंड वेगाने आलेल्या अशनीच्या आघातातच तो होतो. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला.

अशनीचे विवर जगात पुष्कळ ठिकाणी आहे. अमेरिकेतले ॲरिझोनाचे तर प्रसिद्धच आहे. पण लाव्हाच्या काळ्या दगडात झालेले आणि इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भाग याच जातीच्या दगडाचा. म्हणून चंद्रावरची विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. खळग्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे सांगत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. आकाशातून येणारा पाहुणा, फुटलेले झाकण आणि उघडे पडलेले विवर. पुराणकारांनी कड पाहूनच कथा रचली असेल का, असा विचार कवीच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. शास्त्रात त्याला आधार नाही. मी तो आपला मनातच ठेवतो.

कड्यावर धार आहे. गोमुखातून बारमाही गोड्या पाण्याची धार पडते. माणसे स्नान करतात, तीर्थ नेतात. तिथून खाली उतरायचे. वाटेत सीतान्हाणी, कुमारेश्वर, यज्ञेश्वर अशी ठिकाणे लागतात. झाडी दाट आहे. मोर ओरडतात, माकडे वाट अडवतात. हा सगळा परिसर अभयारण्य आहे. पायथ्याशी पोहोचले, की काठाकाठाने देवळांची रांग सुरू होते. रामगया, मोर महादेव, वाघ महादेव, शंकर-गणेश आणि कमळजा देवी. बहुतेक देवळे भग्न आहेत. कुठे खांब उभे आहेत आणि छत नाही, कुठे शिळांमधून वडाची मुळे उतरली आहेत. पाऊस चांगला झाला, की पाणी देवळांच्या पायऱ्यांपर्यंत येते, कधी आतही शिरते. उन्हाळ्यात ते मागे सरते आणि काठावर पांढरा खार दिसू लागतो.

पाणी खारट कसे झाले, हेही समजण्यासारखे आहे. सरोवराला बाहेर जायला वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते आणि फक्त वाफ होऊन वर जाते. काळ्या दगडातून विरघळून आलेले क्षार मात्र मागे उरतात. हजारो वर्षे हाच हिशेब चालू आहे. मिठापेक्षाही इथे सोड्याच्या जातीचा क्षार जास्त. त्यामुळे पाणी हाताला साबणासारखे बुळबुळीत लागते आणि काठाला उग्र वास येतो. कमळजा देवीजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, असे लोक सांगतात. सासू कोणती आणि सून कोणती, ते मात्र प्रत्येक घरात वेगळे सांगतात!

इथे एक प्रयोग जरूर करा. घरून चिमूटभर हळद कागदावर चोळून न्या. त्यावर सरोवराच्या पाण्याचा थेंब टाका. पिवळा कागद लाल होईल. हळदीला क्षार भेटला, की तिचा रंग पालटतो. हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर. देवीच्या दारात हळदीचे कुंकू होताना पाहून आमच्या दादीजवळ बसलेल्या बाया हात जोडायच्या. आमच्या रसायनाच्या सरांनी वर्गात तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा मला दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटल्या होत्या.

या खाराने शेकडो वर्षे माणसे पोसली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. त्यात मेहकर सरकारातले लोणार आले आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, भोवती उंच डोंगर आहेत, पाणी खारे असले तरी काही जागी गोड लागते आणि काच व साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, त्याचे सरकारला उत्पन्न होते, अशी त्याची नोंद आहे. फारसी लिहिणाऱ्या बादशाही लेखकाने तीर्थाचा मान आणि खाराचा हिशेब एकाच परिच्छेदात लिहून ठेवला. हे मी प्रथम वाचले, तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. काच! दादीच्या टोपलीत काच होती. खळग्याचे कोडे सोडवले तेही काचेने. आणि या पाण्याच्या खारातून पूर्वी काच होत होती. दादीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिच्या बांगड्या दूर फिरोजाबादहून येत. ती फक्त रोज टोपली घेऊन उतरत होती आणि चढत होती.

खाराचा धंदा आता उरला नाही. सरोवर मात्र अधूनमधून बातमीत येते. २०२० च्या जून महिन्यात पाण्याचा रंग एकाएकी गुलाबी झाला. कोणी शकुन म्हटले, कोणी अपशकुन. पाण्याची पातळी खाली गेली होती, खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आणि त्यांचे गुलाबी रंगद्रव्य हे कारण निघाले. पाऊस पडून पाणी वाढले आणि रंग ओसरला. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे जगाने जपायच्या पाणथळींत आपल्या लोणारचे नाव लागले.

रंग हे नवल झाले. काळजीची गोष्ट निराळी आहे. या पाण्यातले जीवन त्याच्या खारावर उभे आहे. हिरवट-निळे शेवाळ, सूक्ष्मजीव, त्यांच्यावर जगणारे पक्षी या सगळ्यांना तोच खार लागतो. बाहेरचे गोडे पाणी आणि गावाचे सांडपाणी त्यात मिसळत गेले, तर खार पातळ होतो आणि घाण वाढते. वर्षानुवर्षे ते मिसळत आले. यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका चालली. काठावर वेडी बाभूळ माजली, तिची काढणी सुरू झाली. कामे होतात, थांबतात, पुन्हा सुरू होतात. पाच लाख वर्षे जे टिकले, ते आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या मोऱ्यांनी बिघडावे, हे मनाला पटत नाही. समुद्र फार मोठा असतो, तो पुष्कळ घाण पोटात घेतो. आपला खारा काठ सव्वा किलोमीटरचा आहे. त्याचे पोट लहान.

म्हणून जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. आदल्या रात्री मुक्कामाला जा. हिवाळा किंवा श्रावण-भाद्रपद निवडा. पहाटे दैत्यसूदन पाहा आणि ऊन चढायच्या आत खाली उतरा. खाली कुठपर्यंत जाता येईल, ते वनखात्याच्या माणसाला विचारून घ्या, पाणी वाढलेले असेल तर वाट बदलते. पायांत बूट, जवळ प्यायचे पाणी आणि हाताशी निदान चार तास असू द्या. साबण लावून आंघोळ नको, निर्माल्य पाण्यात नको, आणि रिकामी बाटली खाली नेली तर वर आणा. उतरताना सगळेच उत्साहात असतात. चढताना कळते.

चढताना दादी धारेपाशी थांबायची. टोपली खाली ठेवायची, तोंडावर पाणी मारायची, ओंजळभर प्यायची. टोपली निम्मी झालेली असे, तरी ती म्हणायची, "उतरते वक्त हलकी थी." मी विचारायचो, दादी, बांगड्या तर विकल्या, मग जड कशी? ती उत्तर देत नसे. तिच्या पदरात बायांनी दिलेले धान्य, नारळाचे तुकडे, देवीचा प्रसाद असे. तो ती घरी आणून सगळ्यांना वाटायची. आमच्या ओसरीवर कमळजा देवीचा नारळ आम्ही असा खाल्ला आहे. त्या मुलीला पुढच्या वेळी मी हेच सांगणार आहे. त्या दिवशी सांगायला हवे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)